दाराचा रंग

वोरूहून सुटलेली बस जिथे वळसा घेऊन माघारी फिरते,
एस्टोनिया तिथे जवळजवळ संपतो.
तिथे आमचं सभागृह. किल्ली माझ्याकडे.
बटाटे तळघरात गेले, सप्टेंबर सरला,
की गावाला एकदम कला आठवते.

दुकानाच्या काचेवर मी कागद डकवते :
मंगळवारी गायनवृंद, गुरुवारी हातमोजे,
शनिवारी चित्रं, पोरांचं नाटुकलं आणि सफरचंदाचा केक.
केक ठळक अक्षरांत.
त्याशिवाय पुरुष घराबाहेर पडत नाहीत.

खुर्च्या चौऱ्याऐंशी, त्यांतल्या तीन मोडक्या.
कुठल्या तीन, ते मलाच ठाऊक.
एकीवर दरवर्षी परगण्याहून आलेले साहेब बसतात.
मी काही बोलत नाही.

भट्टी दुपारीच पेटवावी लागते.
ओल्या लोकरीचा वास, रबरी बुटांची रांग,
पाचलाच खिडक्या काळ्या.
बाहेर बर्चची पानं इतकी पिवळी पडलेली
की उजेड जमिनीतून वर येतोय असं वाटावं.

वृंदात अकरा जण. पुरुष दोन,
त्यातला एक ट्रॅक्टरपायी अर्धा बहिरा,
प्रत्येक ओळ एक मात्रा उशिरा संपवतो.
माइवेने शेवटी बाकीच्या दहांनाच थांबायला शिकवलं.
आता लोक म्हणतात, शेवट काय लांबवतात हो!

रास्मुसचा अकॉर्डियन म्हणजे नाकापेक्षा मोती जड :
भाता उघडला की पोरगं गायब,
मिटला की दोन कान.
साल्मेने यंदाही डावाच हातमोजा आणला.
उजवा हरवला जंगलात, क्रॅनबेरी वेचताना, सहा वर्षांपूर्वी.
म्हटलं, दुसरा विण ना.
"कशाला? सापडेल की."

आणि काल्यूची चित्रं.
एकोणीस वर्षं हा माणूस एकच कोठार रंगवतोय,
तळ्यापलीकडचं, गवताचं.
मार्चमध्ये बर्फाच्या ओझ्याने ते खाली बसलं,
गुडघे टेकलेल्या गाईसारखं.
काल्यू तरीही आला, बगलेत विसावं चित्र.
मी एकोणिसाव्याशेजारी खिळा ठोकला.

गाव चित्रांसमोरून सरकत गेलं, कप सांभाळत.
मग कुणीतरी म्हणालं :
"दार निळं का? हिरवं होतं ते."
"निळंच होतं."
"हिरवं! माझ्या बापाने दिलेला रंग, नावेचा उरलेला."
"तुझ्या बापाची नाव तरी कुठे हिरवी होती?"

केक तसाच राहिला.
नाटुकलं वीस मिनिटं खोळंबलं.
पडद्यामागून कोल्हा आला, शेपूट हातात धरून,
वय वर्षं सात, तोही निळ्याच्या बाजूने.

शेवटी काल्यूलाच विचारलं.
तो साखर ढवळत राहिला, विरघळून गेली तरी.
"कोठार मी पहिल्या वर्षी पाहिलं," म्हणाला,
"नंतर प्रत्येक चित्र आदल्या वर्षीच्या चित्रावरून.
तळ्याला वळसा घालून कोण जातंय!"

हसले सगळे. मीही.

त्या कोठारात सात उन्हाळे मी गवत चढवलंय.
त्याला दार नव्हतं.
तरट होतं, दोन खिळ्यांना अडकवलेलं,
वारा आला की पोटुशीसारखं फुगायचं.
आत शिरताना ते गालाला घासायचं,
आणि उन्हाचे ठिपके अंगभर सांडायचे.
तरटाला रंग कसला? तरटाचाच.

मी काही बोलले नाही.
एवढी माणसं वर्षातून कितीदा भांडतात
एका चित्रापुढे उभी राहून?

रात्री हिरवेवाले, निळेवाले एकाच बसने गेले,
काचांवर वाफ, आत हातवारे चालूच.
मी खुर्च्या मिटल्या. एक्क्याऐंशी आणि तीन.
केकचा चुरा झाडला, राख काढली,
साल्मेचा हातमोजा टाचणीवरून निसटलेला, तो नीट लावला.

मग दिवे घालवले, बाहेर आले, किल्ली फिरवली.
आमच्या सभागृहाचं दार तपकिरी आहे.
कुठेतरी लिहून ठेवायला हवं.