चार मिनिटांचा सूर्य

ट्रॉम्सोच्या शाळेत बावीस वर्षं मी नळ्या धुतेय.
मी बोर्गनी. फळ्यावर बाण काढतात त्या बाई वेगळ्या.
मी काच पुसते.

हेक्झेनमध्ये ब्रोमीनचे सहा थेंब:
रंग कोऱ्या चहाचा.
अंधारात महिनाभर ठेवा,
दोघं शेजारी राहतील, ओळखदेख नाही.
उजेड पडला की ब्रोमीनची जोडी मधोमध तुटते,
ज्याच्या त्याच्या वाट्याला एकेक सुटा इलेक्ट्रॉन,
आणि सुटं राहणं कुणाला झेपतं?
तो हायड्रोजन हिसकतो.
ज्याचा हिसकला तो आता सुटा,
तो दुसरी जोडी फोडतो,
लुटलेला लुटायला निघतो,
हातोहात.

सुट्याला सुटा भेटला की सगळं थांबतं,
ही शेवटची पायरी, बाई सांगतात.
दरवर्षी इथे मला माझं लग्न आठवतं
आणि मी फडका जरा जोरात पिळते.

क्लोरीन दिसेल त्याला ओरबाडतो, बाई म्हणाल्या,
ब्रोमीन चोखंदळ.
म्हणजे आमची मावशी, एल्ले म्हणाली, काउतोकेइनोची.
शरदात कुंपणात हजार रेनडिअर गरगरतात,
नवखे कुणावरही फास टाकतात,
मावशी कानावरची खूण दिसेपर्यंत
हात उचलत नाही.
वर्ग हसला. बाईंनी ते फळ्यावर घेतलं नाही.
मी घेतलं, फुटलेल्या काचेच्या यादीमागे.

एकवीस जानेवारी.
दोन महिन्यांनी सूर्य डोंगरावर यायचा,
गावभर जॅम भरलेले गोल पाव,
मुलांच्या ओठांवर साखर.
सगळे खिडकीशी.
ढग.

बाईंनी दिवा लावला.
अकरा नळ्या बघता बघता पाण्यासारख्या झाल्या,
तोंडाशी धरलेला निळा लिटमस लाल झाला,
गुण मिळाले.
बारावी नळी एल्लेने काळ्या कागदातून काढलीच नाही.
"दिव्यानेही तेच होतं गं."
"माहीत आहे," ती म्हणाली.

बावीसला ढग. तेवीसला बर्फ.
चोवीसला शनिवार, शाळा बंद, किल्ली माझ्याकडे.
वसतिगृहातून ती टोपीशिवाय धावत आली.
बाराला थोडा वेळ असताना
डोंगराच्या कडेला तांब्याची एक चीर,
मग खिडकीच्या चौकटीवर,
मग आमच्या हातांवर.
तिने कागद सोडला.

दोघी बोललो नाही.
नळीत चहा पातळ होत गेला,
वरून आधी, मग मधे.
चार मिनिटं. डोंगराने सूर्य परत घेतला.

राहिला एक पिवळा, लिंबाच्या सालीएवढा.
मी दिव्याच्या बटणाकडे बघितलं.
तिने वहीत वेळ लिहिली, "अपूर्ण" लिहिलं,
नळीला पुन्हा काळा कागद गुंडाळला
आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

उद्या रविवार आहे, मी म्हटलं.
उद्या तो जास्त थांबेल, ती म्हणाली.