डावा कोपरा, उजवा कोपरा

मंडळाला साठ वर्षं झाली. दोंडाईच्याला, मिरचीच्या खळ्यांमागे
आमचं मैदान. तिथे पाटी लागणार आहे:
आजवरचे सर्वोत्तम सात.
पाच नावं चहा येईपर्यंत ठरली.
उरलेल्या दोन कोपऱ्यांवर
रात्रीचे साडेअकरा वाजले.

वह्या माझ्याकडे. एकेचाळीस वर्षं गुणलेखन केलं मी,
टेबलाचा एक पाय विटेवर ठेवून.
चढाईचा गुण आला की नाव लिहायचो,
पकड झाली की नुसती आडवी रेघ.
तशीच पद्धत होती, मला आधीच्याने शिकवलेली.
काल सगळ्या वह्या उघडल्या.
रेघाच रेघा.
एकीचाही धनी सांगता येईना.

जयवंत गिरासे, हे नाव पहिलं आलं. उजवा कोपरा.
ताडासारखा माणूस, घोट्याशी वाकला की विळा व्हायचा.
पाटीचा खर्च त्याच्या मुलाने दिलाय
हे कुणी बोललं नाही, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.
पण खोटं कशाला बोलू, माणूस होताच तेवढा.
शहाद्याला त्याने लोण परतवला तेव्हा
मी पेन्सिलचं टोक मोडलं होतं.

सुलेमान पिंजारी हलायचाच नाही.
समोरच्याला वाटायचं, ही बाजू रिकामी आहे.
तो निवांत आत यायचा, कापसात पाय पडावा तसा,
आणि मग पाय निघायचा नाही.

आणि भटू भोई समोरच बसलेला,
स्वतःचं नाव घेत नव्हता.
बशी धरली की त्याची दोन बोटं
अजूनही भलतीकडे बघतात.

डाव्या कोपऱ्याचं काही जमेना.
सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेलो,
हिरामण चौधरीकडे. वीस वर्षं तो आमच्यावर चढाया करून गेला,
त्याला विचारलं, कुणाची भीती वाटायची?
त्याने पायजमा वर केला, घोटा खाजवला.
"नाव मालूम नही भो. डावा कोपरावरना.
त्यानी धरा का मंग घोटा रातभर जये."

जये.
परतीच्या गाडीत लक्षात आलं.
दगा मालचे. दिवसभर मिरचीची पोती उचलायचा,
सहाला शिट्टी, नळाला पाणी नाही,
हात पँटला पुसून थेट कोपऱ्यावर.

बैठकीत एकाने विचारलं, हे नियमात बसतं का?
म्हटलं, पाहुण्यांचा दम आपल्या मैदानावर
शिंकेसरशी सुटायचा, तेव्हा कुणी
नियमांचं पुस्तक काढलं होतं का?
भटू हसला. मग बाकीचे.
दगाचं नाव असं ठरलं, हसण्यात,
ठराव क्रमांक चार.
सुलेमानचं राहिलं. ते मला अजून खटकतं.

दगा आता नाही. पेंटरने विचारलं, मालचे की मालचें?
त्याच्या घरी गेलो. मुलगी मिरच्यांची देठं खुडत होती.
तिने उलट्या हाताने डोळ्यावरचे केस सारले,
अनुस्वार नाही म्हणाली.
कशासाठी, ते मी सांगितलं.
"बाप खेळायचा?" एवढंच विचारलं,
आणि टोपली पुढे ओढली.

आज पेंटर शिडीवर.
गिरासे आणि मालचे, दोन टोकांना दोन नावं.
ब्रश थांबवून तो खाली ओरडला,
"काका, डावा म्हणजे कोणाकडून डावा?
आपल्याकडून, का येणाऱ्याकडून?"

मी मैदानात गेलो, मध्यरेषेवर उभा राहिलो.
एकदा तिकडे तोंड केलं.
एकदा इकडे.
घशात तिखट गेलं, ठसका लागला,
तो वर ब्रश धरून थांबला होता.