पाण्याशी संपर्क: नाही

मुहर्रकच्या मागच्या गल्लीत, आमच्या दुकानात
सगळे खोटं बोलतात.
पाणी गेलं होतं का, विचारलं की
नाही म्हणतात. खिशातच होता. आपोआप बंद पडला.
मी मान हलवतो, सिमचा ट्रे ओढून
आत टॉर्च मारतो.
तिथे कणीएवढी पट्टी असते, कोरडी तोवर पांढरी.
एकदा लाल झाली
की पुन्हा पांढरी होत नाही.
मी कुणाला तोंडावर खोटं पाडत नाही.
फक्त भाव थोडा वाढवून सांगतो.

तसा या बेटावर पाऊस नावालाच.
पण ऑगस्टात हवाच इतकी ओली
की एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्मा आंधळा होतो,
कॅमेऱ्याच्या भिंगाआड धुकं बसतं,
आंबा घाटातलं, पण दीड मिलिमीटरचं.
परातीवर काम करणाऱ्यांचे फोन उघडले
तर चार्जिंगच्या खोबणीत हिरवं काहीतरी.
बुरशी नव्हे. तांबं आहे ते,
छातीच्या खिशातला घाम महिनोन्‌महिने प्यालेलं.
कंपनी म्हणते, दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल.
गोड्या पाण्यात. स्थिर पाण्यात. नवा असताना.
घामाचं कुणी काही लिहिलेलं नाही.

काहीजण फोन तांदळात पुरून आणतात.
पाणी राहतं आत, वर एखादा दाणा अडकतो.
मी चिमट्याने काढतो. लांब असला तर बासमती,
लाल आणि जाड असला तर मल्याळी गिऱ्हाईक.
एकदा तसाच लाल दाणा निघाला,
पण आखूड. नखावर धरला, हुंगला.
उकडा.
मान वर न करता मराठीत विचारलं, कुठले तुम्ही?

साखरतरचा याकूब होडेकर. मासेमारीच्या लाँचवर खलाशी.
एवढ्या वर्षांत तो एकटाच खरं बोलला:
"दर्यात पडला. गरगूर वर घेताना.
दोन वाव पाणी होतं, बुडी मारून काढला."
म्हटलं, खारं पाणी आहे, नवा घ्या.
"फोन मरू दे. आत बायको वरडलीय.
तीन मिन्टं बारा शेकंद. मी एकच मिनीट ऐकलंय."
मग पुन्हा विचारा ना तिला.
"काय म्हणालीस विचारलं, तर आणखी वरडेल."

शटर अर्धं ओढलं.
आधी बॅटरी सोडवली, मग पाती, मग स्क्रू,
एकेक स्क्रू बशीत, ज्या जागेचा त्या जागी.
बोर्डावर मीठ धरलं होतं,
मिठागराच्या कडेला धरतं तसं, भिंगाखाली सुंदर दिसणारं.
स्पिरिट, टूथब्रश, पुन्हा स्पिरिट.
तो स्टुलावर बसून होता. एकदाही विचारलं नाही, होईल का.
साडेदहाला स्क्रीन उजळली,
निम्मी. बाकी निम्म्यात आडव्या रेघा.

फोन घेऊन तो बाहेर गेला,
एका पांढऱ्या गाडीला टेकून, कानाला लावून, मान खाली.
काचेवर वाफ धरली होती.
मी बाहीने पुसली, तेव्हा कळलं
वाफ बाहेरच्या बाजूला आहे.
तीन मिनिटं ऐकायला त्याला वीस मिनिटं लागली.
आत येऊन दिनार मोजत एवढंच म्हणाला,
"बरोबर बोललीय."

रजिस्टरात एक रकाना आहे, पाण्याशी संपर्क.
सवयीने मी लिहिलं, नाही.

खोलीवर पोचतो तोच खेडहून बहिणीचा फोन.
बरा आहेस ना?
बरा आहे की. मला काय होतंय.
आवाज असा का येतोय?
रेंज, म्हणालो. इथे भिंती जाड आहेत.
ती जरा वेळ गप्प राहिली.
तोंडावर खोटं पाडलं नाही तिने.