चाड

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली गाडलेल्या.
इथे माझ्या समोरचा फ्लॅट लुत्सिनाबाईंचा,
मावशीकडून आलेला.
त्यात नातेला राहते, जॉर्जियाची, पडदे शिवते,
आणि तिचा मुलगा लेवान, वय सात.

न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा बंब,
मावशीच्या काळातला, पण पेटतो एका काडीत.
कायदा म्हणतो, वर्षातून एकदा
धुराडं तपासा, गॅस तपासा, कागद जपून ठेवा.
बाईंकडे कागद आहेत,
बिस्किटांच्या डब्यात, वर्षवार, रबर लावून.
मागच्या वर्षीचा तर जिन्यातच उरकला:
नातेला कामावर, दाराला कुलूप,
तपासायला आलेला पोरगा घाईत.
"गेल्या खेपेला ठीक होतं ना?"
"ठीक होतं."
कठड्यावर कागद ठेवून सही केली. पेन त्याचंच.

उन्हाळ्यात त्यांनी खिडक्या बदलल्या,
पांढऱ्या, प्लास्टिकच्या, कडांना रबर.
ट्रामचा आवाजसुद्धा बाहेर ताटकळतो,
असं मला कौतुकाने सांगत होत्या.
भाडं दोनशे झ्लॉटी वाढलं.

नोव्हेंबरात नातेलाचा निरोप:
अंघोळीनंतर मुलाचं डोकं दुखतं.
उत्तर: पाणी फार कढत घेऊ नका.
डिसेंबरात: टबातून बाहेर येताना पडला.
उत्तर: पायपुसणं आहे का?
यात दुष्टावा नव्हता.
बाई स्वतः पायपुसणं घेऊन आल्या होत्या, निळं.

जानेवारी, उणे बारा.
चौकात त्यांना धुराडेवाला दिसला,
काळा कोट, खांद्यावर दोरीचं वेटोळं,
तशी त्यांनी कोटाचं बटण चिमटीत धरलं.
इथे धरतात. नशीब उघडतं म्हणे.
तो त्यांच्या मागोमाग जिना चढला.
झेनोन नाव, या वर्षीच्या तपासणीला आलेले.

"बंब पेटवा. खिडकी बंदच असू दे."
वरच्या जाळीपाशी त्यांनी लायटर धरला.
ज्योतीने जाळीत शिरायला हवं होतं,
वर, धुराड्याच्या वाटेने.
ती वळली आत.
माणसांकडे.

"मी जाळी झाकली नव्हती," नातेला आधीच म्हणाली,
आरोपाची सवय असलेल्या घाईने.
"तुम्ही नाही. या खिडक्यांनी.
बाहेरून हवाच येत नाही,
मग धूर कुणाच्या जोरावर वर जाणार?"
आणि त्यांनी बंब विझवला.

या वायूला रंग नाही, वास नाही.
कार्बन मोनॉक्साइड हे कागदावरचं नाव,
पोलिश घरांत त्याला चाड म्हणतात.
मी उघड्या दारात उभी, हातात तिखटाचा चमचा,
आणि तो शब्द माझ्या कानात मराठीत पडला.
आमच्याकडे चाड नसली
की माणूस वाया गेला म्हणतात.
इथे ती असली की माणूस जातो.

झेनोननी लिहिलं: वापर बंद, आजपासून.
बाईंनी विचारलं, दुरुस्ती कोणाकडे?
त्यांनी बोट ठेवलं तिथे छापलेलं होतं: मालक.
या वेळी सही करायला त्या टबाच्या काठावर बसल्या,
कागद मांडीवर,
आणि प्रत्येक ओळ वाचली. फार वेळ लागला.
माझी फोडणी जळली.

संध्याकाळी पुन्हा आल्या, धापा टाकत,
खिडक्यांत बसवायच्या झडपांची पावती,
आणि एक पांढरी डबी, वायू ओळखणारी.
तोवर अंघोळ माझ्याकडे, असं ठरलं,
विजेचं बिल त्या भरणार.
डबी भिंतीवर लागली. मधोमध बटण.
"दाबून बघायचं," त्या लेवानला म्हणाल्या,
"दर महिन्याला. मी येईन."
त्याने दाबलं. अख्खा जिना किंचाळला.
खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाइपवर चमचा आपटला.
लेवान हसला, बोट बटणावरच.
"पुन्हा?"
लुत्सिनाबाईंनी कान झाकले
आणि मान हलवली: पुन्हा.