डावीकडे वळताना

सरळ रस्त्यावर चालते. उजवीकडेही वळते.
फक्त डावीकडे वळवली की
खोकला नाही, झटका नाही,
बोलता बोलता डोळा लागावा तशी
बंद.
"दाव्यान वळयली काय मरता," एर्मेलिंदा टीचर सांगते.
आणि कुडचड्यात तिच्या घराकडे जायचं
तर रेल्वे फाटकापाशी डावीकडेच वळावं लागतं.

अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी, नंबर जीडीएक्सने सुरू होणारा.
मडगावात दोनदा कॉइल बदलून झाली,
एकाने कार्बुरेटर धुतला,
एकाने नुसतीच मान हलवली
आणि दोनशे रुपये घेतले.

मी बोनेट उघडतो.
इनास मेस्त म्हणायचा, आदीं अर्थ पळय.
शाळेत अर्थ म्हणजे संदर्भासह स्पष्टीकरण, मार्क चार,
त्यातले मला दीड.
इथे अर्थ म्हणजे बॅटरीपासून बॉडीला गेलेली वेणी;
ती गंजली की दिवे एकमेकांचं उष्टं खातात,
इंडिकेटर दिला तर हेडलाइट डोळा मारतो.
अर्थ ठीक होता.
तरी पॉलिश पेपरने घासला, सवयीने.

मग पॉइंट : लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी फट.
मग कंडेन्सर, रोटर, टोपीतल्या बारीक चिरा.
प्लगची वायर इंजिनापासून चिमूटभर लांब धरून
पोराला म्हटलं, मार सेल्फ.
ठिणगी निळी, जाड, चटकन तोडून बोलणारी.
पिवळी असती तर बरं झालं असतं.
निरोगी माणसाचं दुखणं शोधायचं म्हणजे

टेस्ट-लॅम्प लावला कॉइलला.
टीचर, स्टिअरिंग फिरवा.
उजवीकडे, पेटलेला.
सरळ, पेटलेला.
डावीकडे, आणि हातातला दिवा
माझ्याकडे न बघता गेला.
चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई
काचेतून माझं तोंड वाचत होती.

डॅशबोर्डखाली उताणा झालो, टॉर्च दातांत.
वर वायरींचं रान.
सुती वेष्टणाची मूळची, तिच्यावर लाल, तिच्यावर
कुणीतरी जोडलेली टेलिफोनची,
हॉर्नला स्पीकरची,
सगळ्यांवर खाणीची तांबडी धूळ, अजून.
आणि स्टिअरिंगच्या दांड्याला घासत
लोंबणारं एक जॉइंट,
टेप सुटलेलं,
तांब्याचा पीळ उलटा.

मी डावखुरा. माझाच पीळ उलटा बसतो.

एकोणनव्वद साल. मेस्त केप्याला मर्णाला गेलेला,
लाइट गेलेली, सोल्डरची इस्त्री थंड.
टीचरचा भाऊ आग्नेल दारात, घड्याळ बघत.
मी सोळा वर्षांचा.
दोन टोकं पिळली, टेप गुंडाळली, म्हटलं,
फाल्यां येयात, सोल्डर मारतां.
फाल्यां तो कुवेतला गेला.
गाडी ताडपत्रीखाली,
आणि माझा तो फाल्यां तिच्या पोटात.

इस्त्री तापवली. राळेचा धूर डोळ्यांत गेला.
शिसं वितळून तांब्यात उतरेपर्यंत हात हलू दिला नाही.
वर नळी, नळीवर टेप, आणि दांड्यापासून दूर
एक क्लिप.

"कितें आशिल्लें?"
जुनं जॉइंट.
"कोणें केल्लें?"
मी बिल लिहायला घेतलं.
वायर, अर्धा फूट. क्लिप, एक.
मजुरीपुढे पेन थांबलं, तशीच जागा सोडली.
टीचरने ती रिकामी जागा बघितली,
मग माझा पेन धरलेला हात,
आणि बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं.
काही विचारलं नाही.

आता ती फाटकापाशी उभी आहे.
कोळशाची मालगाडी जातेय, डबे मोजायचे मी सोडून दिले.
इंजिन चालू आहे, इथून ऐकू येतं.
डावा इंडिकेटर लुकलुकतोय.
पोरगा विचारतो, कापलेला तुकडा फेकूं?
थांब, म्हणतो मी.
फाटक अजून उघडलेलं नाही.