उलटा व्हॉल्व्ह

नळांचा नकाशा आहे का, विचारलं
तर बांधकामने आस्थापनेकडे बोट केलं,
आस्थापनेने कपाटाकडे.
कपाटात वाळवी होती
आणि कुठल्याशा जुन्या निविदेचं
अर्धं पान.
शेवटी शिपाई म्हणाला, मॅडम,
नकाशा रात्री अडीचला येतो.
सायकलवर.

रुबाब तडवी, व्हॉल्व्हमन,
नोकरी उरली एकवीस दिवस.
खांद्यावर लोखंडी चावी, जवळजवळ माझ्याएवढी,
आडव्या दांड्यावर
तळहातांनी घासून आणलेली चकाकी.
मी टॅबलेट काढला.
त्याने वाकून पाहिलं.
"याच्यात पानी दिसतं का?"

केळीचे ट्रक केव्हाच गेले होते,
रस्त्यावर चिकट पानं आणि त्यांचा वास.
सातपुड्याकडून वारा येत होता, तोही गरम.
आठव्या दिवसाचं पाणी.
गल्लीगल्लीत एखादं दार आधीच उघडं,
नळाखाली हंडा, हंड्याला टेकून
बसल्या बसल्या झोपलेली कुणी.
तोटीत पाण्याआधी हवा येते,
ती फुसफूस झाली की जागी होणारी.
"कव्हा सोडशीन रे भो?"
"तू आधी मागचं शिळं तं सांड, शेवंताबाई."

तो दाखवत गेला, मी टिंब टाकत गेले.
चौकीच्या पायरीखाली सहा इंची, कमरेइतका खोल.
भोळे टेलरच्या ओट्याआड एक.
ओटा अतिक्रमणात,
पण पाडला तर व्हॉल्व्ह उघडा पडतो,
म्हणून नोटीस दरवर्षी निघते
आणि टेलर तिच्या पाठीवर
मापं लिहितो.
प्रभाग चारला बारा फेरे.
पाचला आधी सहाच,
तिथे सदस्यांच्या मेहुण्याची मोटार नळाला लागते;
वरची आळी भरली की मग तीन.
हे त्याने कुजबुजत नाही सांगितलं,
वरणात मीठ किती, ते सांगावं तसं.

फोन वाजला. सभापती.
"हो साहेब. सोडला साहेब."
फोन खिशात गेला.
चावी होती तिथेच होती.

तुमचं घर कुठे, मी विचारलं.
"शेवटल्या टोकाले. तिथी पानी सुतासारखं येतं.
बायको सांगत फिरते,
मानूस गावाले नदी वाटतो
अन् घरी पायाची ओल आनतो."
हसला. मीही हसले, थोडं उशिरा.

कोंडवाड्यामागे तो थांबला.
कोंडवाडा आता नुसती भिंत,
आत एक दगडी हाळ.
"हा लिहू नका."
का?
"हा बंद आहे. सभेनं ठराव करून बंद केला,
मंग माह्याच हातानं रजिस्टरात सही केली."
अंधारात गाढवं उभी होती, सात की आठ,
कुंभारांची असतील, किंवा आता कुणाचीच नसतील.
ओळीने नाही,
पण भांडतही नव्हती.
आठवा दिवस त्यांना कुणी सांगितला
कोण जाणे.

त्याने चावी माझ्या हातात दिली.
मी जोर लावला. हलेना.
पुन्हा लावला, बांगडी दांड्यावर वाजली.
"उलटा बसेल आहे तो, पहिल्यापासून.
बंद करतो तशी फिरवा."
फिरवली.
जमिनीत कुणीतरी घसा खाकरला,
मग हवा, मग गढूळ चूळ,
मग पाणी.
गाढवांचे कान हलले, तेवढंच.

किती फेरे?
"दीड. जास्त नको.
मंग टोकाले पोचत नाही."

टॅबलेट विचारत होता, स्थिती:
चालू, बंद.
दोनच चौकोन, एकावर खूण केल्याशिवाय
पुढचं पान उघडत नव्हतं.
चार वाजून दहा मिनिटं.
प्रभाग आठचा फोन यायला लागला,
आणि रुबाबभाऊ हाळेच्या कडेला उकिडवा बसून
बिडी पेटवत म्हणाला,
वाजू द्या, मॅडम.
पिऊ द्या आधी.