तीन वाजताचा चहा

ग्रिम्सबीच्या त्या वृद्धाश्रमात
रात्रपाळीला अकरा वर्षं
माझं काम एकच होतं : विचारणं.

खिडकी उघडू का? विचारा.
दिवा राहू दे का? विचारा.
हॅलम आजोबांना उठून बसायचंय?
फोन लावा, वाट बघा,
वहीत लिहा, 'वाट बघितली.'

तोवर ते उठलेले असायचे.
तोवर ते पडलेले असायचे.

पडण्याचा फॉर्म निळा.
त्यावर माझी सही, शेजारी साहेबांची.
दोष कुणाचाच नाही,
हीच त्या कागदाची सोय.

मार्चमध्ये प्रॉसर बाई आल्या,
गुडघ्याला पट्टा, पिशवीत संत्री.
म्हणाल्या, "रात्री इथे तुम्ही असता, मी नसते.
ठरवा तुम्हीच. चुकलात तर सकाळी बोलू."
बर्नाडेटा कुजबुजली, "सापळा आहे हा."
मलाही तसंच वाटलं.

पहिल्या रात्री सवयीने फोन उचलला
आणि तसाच खाली ठेवला.
आई एकदा म्हणाली होती, "आज आमटीत मीठ तू घाल,"
तेव्हा चमचा असाच थरथरला होता.

तीन वाजले. आजोबा टक्क जागे.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस,
अंगातलं घड्याळ अजून भरती-ओहोटीवर चालणारं.
आम्ही त्याला निद्रानाश म्हणत होतो.
'लागल्यास द्यावी' ती गोळी
मी डबीतच राहू दिली.
चहा केला. बूट घालून दिले.
खिडकीशी खुर्ची.

"वारा ईशान्येचा," ते म्हणाले,
आणि उजाडेपर्यंत
एकही बोट त्यांनी बुडू दिली नाही.

जूनमध्ये वरच्या कचेरीतून एक तरुण आला
आलेख घेऊन :
निळे फॉर्म एकोणीस होते, चार झाले.
"कोणती पद्धत वापरलीत?"
"चहा," मी म्हटलं.
तो लिहायचा थांबला,
याहून मोठा शब्द शोधत.

त्या चारांतला एक फॉर्म माझा आहे.
विनिफ्रेड आजी, डावं मनगट.
मीच ठरवलं होतं,
बाथरूमपर्यंत आज त्या एकट्या जातील.
सही एकच. शेजारची जागा कोरी.

सकाळी बोलणं झालं.
बाईंनी संत्रं सोललं,
अर्धं माझ्यापुढे सरकवलं,
म्हणाल्या, "आज रात्री काय करणार आहात?"

मी फोड हातात धरून बसले.
अकरा वर्षांत
मला कुणी विचारलेलं
हे पहिलंच.